अडतीस सेकंदांचा नेम

दिवेलागणीला देवापाशी निरांजन लावून झालं, की रोहिणीबाई चौगुले टीव्हीसमोर पाट मांडून बसत. घरात सोफा होता, पण नेमाला सोफ्यावर बसायचं नाही असं त्यांनी आपलं स्वतःशीच ठरवून टाकलं होतं. वर्गणी भरून घेतलेली 'चित्रवेल' सेवा लावायची, 'चंदनपालखी' ही जुनी संतमालिका काढायची, तिचा एकशेबारावा भाग सुरू करायचा आणि सतराव्या मिनिटाची वाट बघायची.

सतराव्या मिनिटाला अंधारात नदीचा घाट दिसे. महाराज भिजल्या धोतरानं पायऱ्या उतरत, आणि डावीकडून एक दिवटीवाला पुढं येऊन दिवटी उंच धरी. "जपून महाराज, पायरी ओली आहे," एवढं म्हणून तो बाजूला होई. सगळं मिळून अडतीस सेकंद.

तो दिवटीवाला म्हणजे सर्जेराव चौगुले, रोहिणीबाईंचे यजमान. दूधसंघात कारकून होते. शूटिंगवाले पंचगंगेच्या घाटावर आले तेव्हा गंमत म्हणून बघायला गेले आणि उंची बघून कुणीतरी त्यांच्या हाती दिवटी दिली. त्या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. पुढं अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली, तोंडाची उजवी बाजू उतरली. तीन वर्षं खाटेवर काढली त्यांनी, एक शब्द न बोलता. मग ते गेले, आणि चौदाव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर घर खायला उठलं, म्हणून लेकीनं, ईश्वरीनं, सहज टीव्ही लावला. आणि घाटावर दिवटी घेऊन सर्जेराव उभे. धडधाकट, भरल्या गालांचे. बोलले.

रोहिणीबाईंनी तो कौल मानला. पुराच्या साली फोटोंचे अल्बम गेले होते, आजारपणाच्या धबडग्यात फोनवरचे जुने फोटो जिथं साठवले होते तिथली वर्गणी भरायची राहून गेली होती. धडधाकट सर्जेराव आता घरात एवढेच उरले होते. दुसऱ्या दिवसापासून नेम सुरू झाला. सहा वर्षांत एक दिवस खाडा नाही.

नेम निभवणं मात्र दर वर्षी अवघड होत गेलं. सुरुवातीला 'चित्रवेल' स्वस्त होती आणि सगळं मोकळं होतं. मग वर्गणी वाढली, तरी जाहिराती सुरू झाल्या. जाहिराती संपेपर्यंत रोहिणीबाई डोळे मिटून जप करत. मग वर्गणी पुन्हा वाढली आणि ईश्वरीचं सांगलीचं घर 'वेगळं घर' ठरलं, तिला वेगळी वर्गणी लागली. मग साध्या योजनेतून पुढं-मागं सरकवायची सोय काढून घेतली. अडतीस सेकंदांसाठी सतरा मिनिटं बसणं आलं. तेही त्यांनी मनावर घेतलं नाही. देवळात नाही का रांगेत उभं राहावं लागत, असं म्हणून त्यांनी सकाळचं वर्तमानपत्र बंद केलं आणि वाढीव वर्गणी भरली.

त्या बुधवारी मात्र सतराव्या मिनिटाला दिवटी घेऊन दुसराच कुणीतरी पुढं आला.

तरुण, तुकतुकीत, सारख्या दातांचा. "जपून महाराज, पायरी ओली आहे," तो स्वच्छ आवाजात म्हणाला आणि बाजूला झाला.

रोहिणीबाईंनी चष्मा पुसला. मागं नेता येत नव्हतं, म्हणून भाग पहिल्यापासून लावला. पुन्हा जाहिराती, पुन्हा सतरा मिनिटं. या खेपेला दिवटीवाल्याला मिशा होत्या. तो तिसराच कुणी होता.

त्यांनी ईश्वरीला फोन लावला.

"आई, त्यांची सूचना आली होती की गेल्या महिन्यात. वाचली नाहीस?" ईश्वरी शाळेतल्या वह्या तपासत असावी, आवाज अर्धा तिकडंच होता. ती सांगलीत नववी-दहावीला विज्ञान शिकवायची. "साध्या योजनेत आता मूळ चित्र पाठवत नाहीत. दर वेळी नवीन तयार करतात. मुख्य नट तेवढे तेच ठेवतात."

"आणि ह्यांना कुठं पाठवलं?"

"बाबांना कुणी कुठं पाठवलं नाही, आई. ते आपले… गर्दीत गेले."

"अगं, मग वरची योजना घेते ना मी. एक वेळचा चहा सोडीन."

"चौपट वर्गणी आहे ती. आणि तीही फार दिवस ठेवणार नाहीत म्हणतात." ईश्वरीनं पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "आई, राग मानू नको. बंद करून टाक ना आता हे. सहा वर्षं झाली. तू कुणाच्या लग्नाला येत नाहीस, माझ्याकडं राहायला येत नाहीस, का तर संध्याकाळी नेम. त्या अडतीस सेकंदांत बाबा नाहीत गं. एक दिवटीवाला आहे."

"तुला नसतील दिसत."

"मला खाटेवरचे दिसतात. त्यांना मीही बघितलंय."

"रविवारचं बघितलंस," रोहिणीबाई म्हणाल्या. "रविवारी यायचीस आणि चारच्या गाडीनं जायचीस."

बोलून गेल्यावर त्यांनाच ते शब्द टोचले. जन्मात कुणाला उणं बोलल्या नव्हत्या. "बरं," एवढंच म्हणून ईश्वरीनं फोन ठेवला. त्यानंतर बरेच दिवस मायलेकींचं बोलणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रोहिणीबाई शाहूपुरीत 'चित्रवेल'च्या सेवाकेंद्रात गेल्या. भिंतीवरच्या पडद्यातली बाई गोड आवाजात एकच वाक्य परत परत म्हणत होती. कंटाळून त्या निघाल्या, तेवढ्यात आतून एक पन्नाशीचे गृहस्थ बाहेर आले. मोमीन त्यांचं नाव.

"मावशी, इकडं या. तिच्याशी बोलून आजवर कुणाचं समाधान झालेलं नाही. बसा, पाणी घ्या."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही घड्याळाकडं बघितलं नाही.

"आमच्या अब्बांची कॅसेटची लायब्ररी होती, गंगावेशीत," ते म्हणाले. "कॅसेट मागं गुंडाळून नाही दिली तर दंड घ्यायचे. माणूस कडक. पण कॅसेटमधी आज जे दिसलं ते उद्याही तेच दिसायचं. आता तसं राहिलं नाही. तुम्हाला सांगलीला लेकीकडं पोळ्या पाठवायच्यात समजा. डबा लागतो, गाडी लागते, माणूस लागतं. त्यापेक्षा फोनवरून कृतीच सांगितली तर? डाळ एवढी, गूळ एवढा. पोळी तिकडं तयार."

"होईल की. पण तिच्या हातची होईल."

"आता कसं बरोबर बोललात." मोमीन खुर्ची पुढं ओढून बसले. "जगात इतकी चित्रं साठली मावशी, की ती ठेवायला वीज पुरेना आणि ती यंत्रं गार ठेवायला पाणी पुरेना. म्हणून कंपनीनं काय केलं, चित्र ठेवायचंच बंद केलं. चित्राचं वर्णन ठेवलं. कोण कुठं उभा आहे, उजेड कुठला, काय बोलला. पानभर मजकूर. तेवढाच तुमच्या घरी येतो आणि तुमच्या टीव्हीखालची ती डबी त्यावरनं जागच्या जागी चित्र काढते. दर वेळी नव्यानं. बड्या नटांशी करार असतात, म्हणून त्यांचे चेहरे कोशात जपून ठेवलेत. बाकीच्यांचे डबीला सुचतील तसे."

"मग आमच्या ह्यांचं काय लिहिलंय त्या मजकुरात?"

मोमीननी समोरचा पडदा चाळला. मग पडदाच त्यांच्याकडं वळवला. तिथं लिहिलं होतं: *पुरुष, वय पस्तीस, हातात दिवटी.*

रोहिणीबाईंनी ते दोनदा वाचलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"एक सोय आहे," मोमीन हळूच म्हणाले. "मुखनोंद म्हणतात. वारसानं फोटो द्यायचा आणि सही करायची. मग तो चेहरा कोशात जातो आणि त्या जागी तोच येतो. त्याला पैसे पडत नाहीत."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. या कंपनीत तेवढंच फुकट आहे." ते हसले मात्र नाहीत. "म्हणून म्हणतो, कागद घरी न्या. लेकीला वाचायला द्या. एकतीस पानं आहेत. आणि फोटो शक्य तेवढे जास्त द्या. निरनिराळे, हसतानाचे, बोलतानाचे."

"लेकीला वेळ नसतो," रोहिणीबाई म्हणाल्या.

फोटो होते, नाही असं नाही. ईश्वरीच्या फोनमध्ये तिच्या लग्नातले, गर्दीत लांबून काढलेले चार-पाच तरी असतील. पण त्यासाठी तिला फोन करावा लागला असता. रोहिणीबाईंनी केला नाही. घरात एकच मोठा फोटो होता, भिंतीवरचा. पेन्शनच्या अर्जासाठी शेवटच्या वर्षात काढलेला. त्यावरूनच मोठा करून घेतला होता. समोर बघणारा, एकट्याचा, स्पष्ट. तो त्यांनी खाली उतरवला.

तो पुढचा गुरुवार होता. सकाळीच पूजा झाली होती, फोटोला ताजा हार घातला होता, काचेवर कपाळाच्या जागी चंदनाचं गंध लावलं होतं. हार त्यांनी काढून ठेवला. काच पुसायला फडकं हातात घेतलं आणि हात थांबला. गंध न लावता ह्यांना घराबाहेर कसं न्यायचं? सहा वर्षांत हे कपाळ एक दिवस मोकळं राहिलं नव्हतं. त्यांनी फडकं ठेवून दिलं आणि फोटो नव्या टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून, रिक्षानं नेला.

मोमीन त्या दिवशी रजेवर होते. काउंटरवरच्या मुलीनं काचेसकट फोटो यंत्राखाली धरला, एकतीस पानांवर सह्या घेतल्या आणि आठ दिवस लागतील म्हणून सांगितलं.

नवव्या दिवशी रोहिणीबाईंनी नवं निरांजन लावलं. पाटावर बसल्या. घाट आला, महाराज आले. डावीकडून दिवटी पुढं आली आणि तिच्यामागं सर्जेराव.

होते तेच. पण गाल बसलेले, उजवीकडं तोंड उतरलेलं. कपाळावर चंदनाचा ठिपका. दिवटीची ज्योत हलत होती, तिचा उजेड तोंडावर हलत होता, तोंड मात्र हलत नव्हतं. यंत्राला एकच फोटो मिळाला होता. पापणी लवते कशी, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. ते मिटल्या ओठांनी आले, न लवणाऱ्या डोळ्यांनी समोर बघत राहिले. शब्द कुठून तरी ऐकू आले, "जपून महाराज, पायरी ओली आहे." मग ते बाजूला झाले.

भिंतीवरचा फोटो खाली उतरून घाटावर चालत आला होता.

रोहिणीबाईंच्या तोंडून 'आई गं' निघालं. मग उठून निरांजनात तूप घातलं. आपल्याच हातून घडलं होतं, तक्रार कुणाकडं करायची? आणि काही झालं तरी आता परका माणूस येत नव्हता. हेच आले होते. आजारी असतानाही हेच होते ना? तेव्हा का तोंड फिरवलं होतं आपण?

त्या रोज बसू लागल्या. पहिले काही दिवस छातीत धस्स व्हायचं. मग नुसतं वाईट वाटायचं. मग सवय झाली. आषाढ गेला, श्रावण गेला. भाद्रपदात तर त्यांना त्या न हलणाऱ्या तोंडात थोडी मायासुद्धा दिसायला लागली.

पितृपक्षाच्या आदल्या दिवशी ईश्वरी दारात उभी राहिली. फोन नाही, निरोप नाही. चपला काढायचीही थांबली नाही.

"आई, बाबांचा फोटो कुणाला दिलास?"

"आधी आत ये. पाणी—"

"कुणाला दिलास ते सांग."

रोहिणीबाईंनी सांगितलं. ईश्वरी ऐकता ऐकता उंबऱ्यावरच टेकली.

"काल शाळेत शिक्षकांच्या खोलीत टीव्ही चालू होता," ती म्हणाली. "कसलीशी विनोदी मालिका. गुत्त्यात एक माणूस दारू पिऊन पडतो आणि दुसरा त्याच्या तोंडावर बादली ओततो. सगळे हसत होते. तो पडलेला माणूस बाबा होते, आई. गंध लावलेले. तोंड वाकडं झालेले. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, बघा हो, काय ध्यान शोधून आणलंय."

रोहिणीबाई भिंतीवरच्या फोटोकडं वळल्या.

"रात्रभर शोधत बसले मी. एका मालिकेत पाकीटमार आहेत. एकीत स्ट्रेचरवरचं प्रेत. तिथं तर अगदी शोभून दिसतात, डोळे लवतच नाहीत ना. साध्या योजनेत जिथं जिथं पडेल चेहऱ्याचा माणूस लागतो, तिथं ती डबी बाबांना उभं करते. तेविसाव्या पानावर लिहिलंय, आई. 'नोंदवलेला चेहरा अन्य कार्यक्रमांत पूरक म्हणून वापरण्यास वारसाची संमती आहे.' खाली तुझी सही."

"मला वाटलं, ते फक्त घाटावर…"

"मला एक फोन केला असतास तर!"

"तू रागावली होतीस."

"मी रागावले होते?" ईश्वरी ओरडलीच. मग आईकडं बघून तिचा आवाज खाली आला. "हो. होते. मला रविवारची म्हणालीस ना तू. खरं होतं ते, म्हणून जास्त लागलं. मला बघवायचं नाही त्यांच्याकडं. चारची गाडी नसती, तर मी तीनची धरली असती."

रोहिणीबाई सावकाश खाली, तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नये, एवढंही त्यांना सुचलं नाही. त्या दिवशी पाट मांडला गेला, पण टीव्ही लागला नाही.

सकाळी दोघी मोमीनना भेटल्या. ते ऐकून घेताना कपाळ चोळत राहिले.

"मी रजेवर नसतो, तर काच तरी पुसून घेतली असती," ते म्हणाले. "मागं घेता येतं. पण नीट समजून घ्या, मावशी. चेहरा कोशातनं काढला की सगळीकडनं निघाला. गुत्त्यातनं निघाला, स्ट्रेचरवरनं निघाला, तसा घाटावरनंही. मग तिथं पुन्हा ते रोज नवे दिवटीवाले. आणि एकदा काढलेला चेहरा परत नोंदवत नाहीत."

"आणि वरची योजना? मूळ चित्राची?"

"तिला आता नवं गिऱ्हाईक घेत नाहीत, महिनाअखेरीला ती बंदच. मूळ प्रती पुसून टाकणार."

"ज्यांच्याकडं ती आहे, त्यांच्याकडं जाऊन मोबाईलवर उतरवून घेता नाही येणार?" ईश्वरीनं विचारलं.

"कॅमेरा समोर धरला की त्यात काळं दिसतं, ताई. कायद्यानं तसं बांधलंय."

आईनं ठरवायचं होतं. घाटावर का होईना, रोज भेटणारे हे. आणि दुसरीकडं हजारो घरांत रोज पडणारे, मार खाणारे, हसू होणारे हे. रोहिणीबाईंना विचार करायला फार वेळ लागला नाही.

"काढून टाका," त्या म्हणाल्या. "त्यांनी कधी दारूला हात लावला नव्हता हो."

मोमीननी मान डोलावली. "एक रीत आहे त्याला. चुकून दुसऱ्याचाच चेहरा काढला जाऊ नये म्हणून वारसाला मूळ दृश्य एकदा दाखवतात. 'हाच तो माणूस' म्हणून सांगावं लागतं. म्हणजे मूळ प्रत बघायला मिळेल तुम्हाला. एकदा. शुक्रवारी या."

बसमधून परतताना ईश्वरी म्हणाली, "एकदा तरी बघायला मिळतील, आई. चांगले, पहिल्यासारखे."

"हो," रोहिणीबाई म्हणाल्या. "नेम असा अर्धवट टाकून नाही देता येत. त्याचं उद्यापन करू. रीतसर."

शुक्रवारी त्यांनी पहाटे उठून साजूक तुपातला शिरा केला. देवाला नैवेद्य दाखवला. एक डबा मोमीनसाठी भरला, त्यावर दक्षिणा आणि विडा ठेवला. मोमीननी दोन्ही हातांनी घेऊन डबा कपाळाला लावला आणि त्यांना आतल्या लहानशा खोलीत नेलं. तिथं एक जुना पडदा होता आणि दोन खुर्च्या. रोहिणीबाई खाली बसल्या, जमिनीवर, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. ईश्वरीही त्यांच्याजवळ खाली बसली.

"लावतो," मोमीन म्हणाले.

अंधार, घाट, पाण्यावरचा उजेड. महाराज उतरले. डावीकडून दिवटी पुढं आली.

एक उंच, भरल्या गालांचा, सावळा माणूस. दिवटीचा धूर डोळ्यांत गेला म्हणून त्याची एक पापणी फडफडली. आपल्याला हसू येतंय हे कळून त्यानं ओठ घट्ट केले, मग बोलला आणि बाजूला झाला. चित्र त्याच जागी थांबलं.

पडद्यावर खाली प्रश्न उमटला: *हीच ती व्यक्ती आहे का?*

रोहिणीबाई बघत राहिल्या.

"मावशी, हो म्हटलं की झालं," मोमीन हळू आवाजात म्हणाले.

"हे ते नव्हेत," रोहिणीबाई म्हणाल्या.

मोमीननी ईश्वरीकडं बघितलं.

"काहीतरी चुकलंय तुमचं," त्या पुन्हा म्हणाल्या. "मोमीनभाऊ, तुम्ही दुसरं लावलंत. हा कुणी चांगला माणूस आहे, पण ह्यांचं तोंड… ह्यांचं तोंड असं…" त्यांनी आपल्याच उजव्या गालाला हात लावला आणि तो खाली ओढला. मग काय केलं ते लक्षात येऊन हात मांडीवर पडला.

ईश्वरीला कळलं. दर वर्षी नववीच्या वर्गाला ती हाच धडा शिकवायची. मेंदूत चित्र साठवलेलं नसतं. नुसत्या खुणा असतात, आणि आठवताना मेंदू दर खेपेला ते नव्यानं रंगवतो. जे रंगवलं तेच मूळ समजून परत ठेवून देतो. आई तीन महिने, रोज, मनापासून, हात जोडून, त्या न हलणाऱ्या चेहऱ्याकडं बघत आली होती. तिच्यात आता दुसरी प्रत उरली नव्हती.

आणि ईश्वरी, जिनं त्या चौदाव्या दिवसानंतर हे दृश्य एकदाही पूर्ण पाहिलं नव्हतं, तिला समोरचा माणूस नखशिखान्त ओळखू येत होता. कुठं म्हणून पुसट झाला नव्हता.

"आई," ती म्हणाली, "बाबाच आहेत गं."

"नक्की?"

"नक्की."

"तू सांगतेस तर असतील," रोहिणीबाई म्हणाल्या. मोमीनकडं वळून शांतपणे म्हणाल्या, "लेक ओळखते त्यांना. तिचं घ्या."

ईश्वरीनं पडद्यावर बोट टेकवलं. मोमीननी काहीतरी दाबलं. प्रश्न गेला, दिवटीवाला गेला, आणि पडदा काळा झाला. ते दार लोटून बाहेर गेले, दोघींना तिथंच ठेवून.

"कसे होते गं?" रोहिणीबाईंनी विचारलं. "आत्ता जे दाखवले ते. तू सांग. मी डोळे मिटते."

ईश्वरीनं आईचा हात आपल्या हातात घेतला.

"उंच होते," ती म्हणाली. "खांदे थोडे पुढं. भुवया जाड, डावी जरा वर. धूर गेला डोळ्यात तर फडफडली पापणी. आणि हसू येत होतं त्यांना. आलेलं हसू ते असंच दाबायचे, ओठ आत घेऊन. मी पहिल्यांदा सायकलवरून पडले ना, तेव्हा आधी असं केलं आणि मग धावले. गुडघ्याला हळद तू लावलीस, पण फुंकर त्यांनी घातली. मिशीला दुधाचा वास यायचा सकाळी…"

ती सांगत राहिली. घाट केव्हाच मागं पडला होता. दूधसंघातल्या ओव्हरटाइमचं, गणपतीच्या आरतीत चुकणाऱ्या कडव्याचं, कुठलं कुठलं आठवत गेलं तसं सांगत राहिली. रोहिणीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. उंच माणूस आला, जाड भुवया आल्या, दाबलेलं हसू आलं. जागच्या जागी सगळं येत होतं. चेहरा तेवढा येत नव्हता.

लेकीला त्यांनी ते कळू दिलं नाही. ती मधेच थांबली तेव्हा तिचा हात थोपटून त्या एवढंच म्हणाल्या, "थांबू नको. पुढं सांग."